जाम झालेला स्टँड: घरी सोडवायचा की गॅरेजला न्यायचा?

दुचाकीचा साइड स्टँड जाम झालाय आणि गाडीला डबल स्टँड आहे, तर घरी करा. डबल स्टँडच अडकलाय, तर गॅरेजला न्या. माझं मत एवढं सरळ आहे. किती पैसे वाचतील यावर हे ठरवू नका. काम चालू असताना गाडी कशावर उभी राहणार, यावर ठरवा. सव्वाशे-दीडशे किलोची गाडी कलंडली तर हँडल, टाकी, इंडिकेटर किंवा पाय, यांतलं काहीतरी जातंच.

निर्णय कोणताही घ्या, तोवर स्टँड दोरीने बांधून गाडी फिरवू नका. अर्धवट लोंबणारा साइड स्टँड डावीकडे वळताना रस्त्याला टेकतो आणि मागचं चाक उचलतो. घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर शेजारून ट्रेलर जात असताना हे घडलं तर सावरायला वेळच मिळत नाही. उलट बाजूचाही धोका आहे. स्टँड पूर्ण पुढे गेला नाही तर पार्किंगमध्ये गाडी आपली आपण पडते आणि शेजारच्या दोन गाड्यांना घेऊन पडते.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या भागात हा त्रास जरा जास्तच. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या खाडीकडच्या पट्ट्यात हवा खारट. त्यात मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामांची धूळ. स्टँड ज्या बोल्टवर फिरतो तिथलं ग्रीस पावसाने आणि वॉशिंगच्या प्रेशरने धुऊन जातं, धूळ आत बसते, लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून फटी भरतात आणि स्टँड आवळला जातो.

खर्च करण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. पायाने ढकलताना जड जातो, करकरतो, मध्येच थांबतो, तर बोल्ट जाम आहे. सहज हलतो पण वर गेल्यावर लोंबतो, तर स्प्रिंग थकली आहे. ती बदला, तेल घालून काही होणार नाही. हाताने आडवा हलवल्यावर खडखड वाजतो, तर बोल्ट किंवा बुश (बोल्टभोवतीची धातूची नळी) झिजलंय. आणि स्टँडच वाकला असेल, तर घरी हातोडा घेऊन बसू नका. काही गाड्यांत स्टँडचा ब्रॅकेट इंजिनच्या केसिंगजवळ असतो, तिथे बसलेला एक घाव फार महागात पडतो.

घरी करायचं तर नुसतं फवारायचं की खोलायचं?

खरी तुलना इथे आहे, कारण बहुतेक जण फवारून थांबतात. डब्ल्यूडी-४०सारखा स्प्रे पाणी हटवतो, फटीत शिरतो, गंज सैल करतो. छोटा डबा दीडशे-दोनशेच्या घरात मिळतो आणि संध्याकाळी मारला की सकाळी स्टँड हलतो. पण त्याचा थर पातळ असतो, वजन पेलणाऱ्या जागी तो टिकत नाही. ऐन पावसाळ्यात केलं तर थोड्याच दिवसांत करकर परत सुरू होते. बोल्ट खोलून, साफ करून, ग्रीस भरून बसवला तर पुढचा पावसाळा निघतो. सुट्टीच्या दिवशी सकाळचा थोडा वेळ जातो, पण मी याच बाजूचा आहे.

गंज सोडवायला डिझेल चालतं, फक्त रात्रभर धीर धरावा लागतो. पेट्रोल अजिबात नको. बंदिस्त पार्किंगमध्ये त्याची वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते. घरातलं खोबरेल किंवा सूर्यफुलाचं तेल आज बरं वाटतं, पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि सूर्यफुलाचं तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल लोक आवडीने लावतात. त्यात झिजलेल्या धातूचे कण असतात, तेव्हा काहीच नसेल तरच ते वापरा.

आता खोलण्याचं. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, किल्ली काढून ठेवा, खाली जाड पुठ्ठा टाका. मागच्या टायरवर आणि ब्रेकवर फडकं टाकायला विसरू नका, टायरवर तेल म्हणजे पहिल्याच वळणाला घसरगुंडी. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवलेला असेल तर स्टँड जरा तरी हलायला हवा. स्टँड अर्धवट उघडा असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. कुणालातरी तो तसा धरायला सांगा, स्प्रिंगच्या वेढ्यांत पातळ वॉशर सरकवा आणि स्टँड पूर्ण वर न्या. स्प्रिंग लांबच राहते आणि हुकातून अलगद निघते. पकडीने ओढून काढायला गेलात तर ती सुटून तोंडावर येते, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच.

मग मागचा चेक नट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेला) आणि पुढचा बोल्ट काढा. योग्य मापाचा रिंग पाना लावा; स्क्रू पान्याने बोल्टचं डोकं गोल होतं आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. बोल्ट बाहेर आला की मधला गुळगुळीत भाग पुसून नखाने तपासा. नुसती तपकिरी भुकटी असेल तर पॉलिश पेपरने घासून चालेल. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर बोल्ट नवाच घ्या. भोकाच्या आतूनही गंज काढा, नाहीतर साफ बोल्ट गंजलेल्या घरात जाऊन बसतो. ग्रीस लिथियमचं घ्या, चाकाच्या बेअरिंगला लावतात ते चालतं. आट्यांना नको, गुळगुळीत भागाला लावा.

बसवतानाची एक गोष्ट फार थोडे मेकॅनिकही पाळतात. बऱ्याच गाड्यांत बोल्ट हलका आवळून फेऱ्याचा साधारण आठवा हिस्सा मागे घ्यायचा असतो आणि त्याचं डोकं तसंच धरून मागचा नट घट्ट करायचा असतो. बोल्टच करकचून आवळला तर नव्या ग्रीससकट स्टँड पुन्हा जाम. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर त्याचंच ऐका.

गॅरेज कुठे सरस ठरतं?

डबल स्टँड ज्या दांड्यावर फिरतो तो लांब असतो, तो निसटू नये म्हणून त्याला खिळपिन असते, पुष्कळदा सायलेन्सर आडवा येतो आणि गाडी उचलून धरावी लागते. हे लिफ्ट असलेल्या ठिकाणचं काम. बोल्ट रात्रभर भिजूनही हलत नसेल तर त्याला गॅसची आंच लागते. पेट्रोलची टाकी आणि वायरिंग शेजारी असताना घरी टॉर्च पेटवू नये. ज्या गाडीला डबल स्टँडच नाही आणि तुमच्याकडे पॅडॉक स्टँडही (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) नाही, तीही गॅरेजलाच. बुश मोठं झालं असेल आणि बाजारात मिळत नसेल तर वागळे इस्टेटमधला किंवा तुर्भे-रबाळे एमआयडीसीतला लेथवाला मापाचं करून देतो.

नव्या गाड्यांत साइड स्टँडला सेन्सर असतो, स्टँड खाली असेल तर इंजिन सुरू होत नाही किंवा गिअर टाकताच बंद पडतं. बोल्ट खोलताना सेन्सर कसा बसलाय याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायर ताणावी लागणार असं दिसलं तर तिथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा, विशेषतः गाडी वॉरंटीत असेल तर.

नाक्यावरचा मेकॅनिक नुसतं ऑइल मारायचे फार पैसे घेणार नाही, पण तेवढंच हवं असेल तर ते तुम्हीही करू शकता. त्याच्याकडे गेलात तर स्पष्ट सांगा, "दादा, बोल्ट खोलून साफ करा, ग्रीस भरा, वरून ऑइल नको." समोर उभे राहा. जुना बोल्ट हातात घेऊन पाहा आणि खाच असेल तर तिथेच नवा टाकायला सांगा. घरी नेण्याआधी स्टँड तीन-चारदा वर-खाली करा. वर गेल्यावर तो ठणकन बसायला हवा.