भोकाचा डाग: नाण्यांच्या फोटोंसाठी घेतलेला लाइटबॉक्स, सात महिन्यांनंतर

परवा बॉक्सची डावी पट्टी दुसऱ्यांदा गेली, म्हणून हे लिहायला बसले. घडी होणारा, ४० सेंटीमीटरचा, आत दोन एलईडी पट्ट्या आणि छताला गोल भोक असलेला पांढरा डबा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे वर्णन करत नाही. मला १,४५० रुपयांना पडला. कंपनीचं नाव देत नाही, कारण असे डबे बहुतेक सारखेच असतात.

बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात २१२ नाणी निघाली. दादा पुण्याला, धाकटी बहीण बंगळुरूला, मी सांगलीत. वाटणीआधी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो तिघांकडे हवेत असं ठरलं. मोबाइलचा फ्लॅश मारून काढलेले पहिले फोटो पाहून दादा म्हणाला, "अगं, यात नाणं कुठंय? नुसता पांढरा ठिपका दिसतोय." मग डबा मागवला.

सुरुवात शिवराया, म्हणजे मराठा काळातली तांब्याची नाणी, यांच्यापासून केली आणि खूप बरं वाटलं. काळपट तांब्याला चहूबाजूंचा मऊ उजेड मानवतो, रंग खरा येतो. अक्षरं फार झिजली असतील तर एका पट्टीची वायर काढायची, म्हणजे उजेड तिरपा पडतो. एका शिवराईवरचं 'राजा' मला घरात पहिल्यांदा वाचता आलं ते असंच. त्या आठवड्यात मी चांगला अभिप्राय लिहिणार होते.

मग १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं १० रुपयांचं नाणं ठेवलं. मुंबई टाकसाळीचं प्रूफ (संग्राहकांसाठी खास पाडलेलं, आरशासारखं चकचकीत नाणं), टाकसाळीच्या 'बी' चिन्हाचं, १५ ग्रॅम वजनाचं, ८० टक्के चांदीचं. बाबांनी ते बोटांनी कधी धरलं नाही, आम्हालाही कडेनेच धरायला शिकवलं. त्याची मोकळी जागा आरशासारखी आहे, आणि त्या आरशाच्या मधोमध काळा डाग आला.

हा डाग म्हणजे छताचं भोक. माझ्या डब्याचं भोक ४ सेंटीमीटरचं आहे. भोकाला टेकवलेला मोबाइल खाली आरशात पाहतो तेव्हा त्या भोकाचं प्रतिबिंब नाण्यावर बरोबर निम्म्या मापाचं, म्हणजे २ सेंटीमीटरचं दिसतं. नाणं ३४ मिलिमीटरचं. म्हणजे व्यासाचा निम्म्याहून जास्त भाग काळा! मोबाइल वर उचलला तर डाग आणखी मोठा होतो. फोनच्या लेन्सला १ सेंटीमीटरचं भोक पुरतं. मग चारचं का ठेवलं? आत बसेल अशी एक पांढरी चकती दिली असती तर कंपनीला किती खर्च आला असता? मी कार्डपेपर कापून तेवढंच छोटं भोक असलेली चकती बनवली, डाग ५ मिलिमीटरवर आला. दहा मिनिटांचं काम. ते डबा विकणाऱ्याने केलेलं नाही, आणि या एका गोष्टीचा राग मला सात महिन्यांनीही आहे.

नाण्याच्या एका कडेखाली कागदाची घडी सरकवून ते तिरकं ठेवायचा सल्लाही मिळाला. डाग बाजूला जातो, पण गोल नाणं किंचित लांबट दिसतं आणि एक कड धूसर होते. दस्तऐवज म्हणून असा फोटो मला चालत नाही.

पाचव्या महिन्यात डावी पट्टी गेली. वॉरंटी होती, तरी ग्राहक सेवेने अख्खा डबा माझ्या खर्चाने पाठवायला सांगितलं. कुरिअरचे ३४० रुपये! तीन फोन आणि चार ईमेल झाल्यावर नुसती पट्टी आली, तीही उजवीपेक्षा पिवळी. तांब्यावर हे फारसं कळत नाही. चांदीवर लगेच कळतं: अर्धं नाणं निळसर, अर्धं पिवळट. दोन रंगांचे दिवे असले की मोबाइलमध्ये रंग कितीही दुरुस्त करा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. शिवाय या पट्टीचा उजेड कमी केला की फोटोत आडवे पट्टे येत. शटर १/५० सेकंद ठेवल्यावर ते बरेच कमी झाले.

ही पट्टी यायची वाट पाहत होते तेव्हा फ्रेमवाल्याकडून २० रुपयांची साधी काच आणली, कडा घासून घेतलेली. माझं मत बदललं ते इथे. नाणं काळ्या कागदावर सपाट ठेवायचं. नाणं आणि लेन्स यांच्या मधे काच ४५ अंशांत तिरकी, वह्यांच्या दोन गठ्ठ्यांना टेकवून. बाजूने काचेच्या उंचीवर अभ्यासाचा दिवा, समोर काळा पुठ्ठा, आणि दिव्याचा उजेड नाण्यावर थेट पडू नये म्हणून मधे पुठ्ठ्याचा छोटा तुकडा. उजेड काचेवरून सरळ खाली जातो, नाण्यावरून सरळ वर लेन्सकडे येतो. काच थोडाच उजेड परतवते, त्यामुळे शटर बराच वेळ उघडं राहतं. मोबाइल स्टँडवर हवा, टायमर ३ सेकंदांचा.

आरसा एकसारखा उजळला, डाग नाही, प्रत्येक अक्षराची कड रेखलेली. तो फोटो मी दोघांना पाठवला. बहिणीने फोन केला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग मीच शोधत गेले. चेहरा पांढरा आणि मोकळी जागा काळीभोर हवी असेल तर काच काढायची, लेन्सभोवती काळा कागद लावायचा आणि घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी दोन सारखे दिवे तिरपे ठेवायचे, पुढे बटर पेपर. भोकाची चकती लावूनही डब्यात हे जमत नाही, कारण पांढऱ्या भिंतींमुळे आरसा दुधाळच दिसतो. म्हणजे सगळा दोष भोकाचा नव्हता, हे मला मान्य करावं लागलं.

राणीछाप रुपयांनी तर डबा पुरता उघडा पाडला. व्हिक्टोरियाच्या रुपयांवर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत पाडलं गेलं, आणि मुंबईच्या काही रुपयांवर सालाखाली बारीक ठिपके असतात. आमच्याकडे असे तीन आहेत. डब्यातल्या फोटोंत तिन्ही एकसारखे दिसले, दादाने यादीत 'एकच प्रकार, तीन नग' लिहून टाकलं होतं. एकच दिवा दहाच्या जागी खाली आणल्यावर एकावर दोन ठिपके सावलीसकट उभे राहिले. बाबांनी ते नाणं वेगळ्या पाकिटात का ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं.

एक विनंती: फोटो चांगला यावा म्हणून नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. गेलेली चकाकी परत येत नाही, आणि घासल्याच्या रेषा काचेखाली सर्वात आधी दिसतात.

घ्यावा का? फक्त तांबं, शिसं, झिजलेली नाणी असतील तर घ्या, पण १,४५० ला नको, सवलतीत ७००–८०० ला मिळाला तर. चकचकीत चांदी असेल तर त्या पैशात दोन सारखे दिवे आणि काच आणा. नव्या पट्टीसाठी मी फोन करणार नाही. अजून १४ शिवराया राहिल्यात, त्या उजव्या पट्टीवर होतील.