नोटरीच्या विसार पावतीवर 6,01,000 गेले, रिसेल फ्लॅट बघताय तर आधी हे वाचा

आधी आकडे. 51,000 यूपीआयनं टोकन, 3,00,000 आरटीजीएस, 2,50,000 रोख. झाले 6,01,000. वर एजंटला 15,000 आणि स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स धरून 1,700. यातले 6,01,000 फ्लॅट विकणाऱ्या एका माणसाच्या घशात गेलेत, तो आता फोन उचलत नाही, आणि माझ्या हातात 500 च्या स्टॅम्पवरची एक विसार पावती आहे, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशाची पोच.

मी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो. पार्टीच्या बिलात चाळीस रुपयाचा फरक असला तरी पेमेंट अडवून ठेवणारा माणूस मी. त्यामुळं हे कुणाला सांगायचं म्हणलं तरी जीभ उचलत नाही, सासरी तर अजून माहीतच नाही. पण गप्प बसलो तर तो अजून कुणाला तरी हाच फ्लॅट दाखवणार, म्हणून लिहितोय.

फ्लॅट जुळे सोलापुरात, दोन बेडरूम, दुसरा मजला, बिल्डिंगला स्वतःचं बोअर. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते तुम्हाला सांगायला नको, बोअरला बारमाही पाणी आहे म्हणल्यावर बायकोनं किचन बघायच्या आधीच घर पसंत केलं. विकणारा साठीच्या आसपासचा, बोलायला गोड, "मालक, मुलगा पुण्यात आयटीत आहे, आता आम्ही पण तिकडंच जाणार, घर चांगल्या माणसाच्या हातात जावं एवढंच." आता सोलापुरात अर्ध्या घरांतली पोरं पुण्यातच आहेत, यात संशय घेण्यासारखं काय होतं ते मला सांगा. 31,50,000 ला ठरलं.

लोक विचारतात, कागद नाही का बघितले? बघितले हो. महापालिकेचा मिळकत कराचा उतारा त्याच्या नावाचा, लाईट बिल त्याच्या नावाचं, आधार, पॅन, खरेदीखताची झेरॉक्स, सगळं खरं होतं. तो खरंच मालक होता, अजून पण आहे. हीच तर गंमत आहे. खोटा मालक असता तर मी पकडला असता. (कराचा उतारा म्हणजे कर कोण भरतो त्याचा कागद, मालकीचा नाही, हे मला नंतर कळलं. आणि मूळ खरेदीखत डोळ्यानं बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका, "लॉकरमध्ये आहे" म्हणला तर म्हणावं चला, दोघं मिळून लॉकरला जाऊ.)

आता ती वेळ सांगतो जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. त्याच्याच हॉलमध्ये बसलो होतो, एजंट शेजारी, आणि मी स्वतःच्या तोंडानं म्हणलं की काका, साठेखत (पुढं खरेदी करून देण्याचा करार) रजिस्टर करून घेऊ. म्हणजे विषय मी काढला होता, हे लक्षात घ्या. तो हसला आणि म्हणाला, "मालक, स्टॅम्प ड्युटी दोनदा भरायची हौस आहे का? आता साठेखताला भरा, परत खरेदीखताला भरा. नोटरी करा, दोन महिन्यात डायरेक्ट खरेदीच करू." एजंटनं पण मान हलवली. मी तिथंच मनात हिशोब केला. शहरात सहा टक्के धरले तर 1,89,000, नोंदणी फी 30,000, झाले 2,19,000. हे दोनदा? नको बाबा. आणि मी गप्प बसलो.

खरं काय आहे ऐका. साठेखताला भरलेली स्टॅम्प ड्युटी पुढं खरेदीखताला वळती होते. दोनदा भरावी लागतच नाही! एक फोन एखाद्या ओळखीच्या वकिलाला केला असता तर तिथंच कळलं असतं. पण तो इतक्या सहज बोलला, आणि शेजारी कमिशन खाणारा माणूस मान डोलावतोय, मग कुणाला शंका येईल. रजिस्टर नको म्हणणारा माणूस तुमचे पैसे वाचवत नसतो, तो स्वतःचं नाव रेकॉर्डवर येण्यापासून वाचवत असतो.

कारण सगळा खेळ तिथंच आहे. रजिस्टर साठेखत झालं की इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) निघतो, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर कुणीही शोधलं तर दिसतं की बाबा या मिळकतीचा व्यवहार झालाय. नोटरीची पावती कुणाला दिसते? नोटरीच्या वहीत एक ओळ, बस. त्यामुळं तो सकाळी मला विसार लिहून देऊ शकतो आणि संध्याकाळी दुसऱ्याला, आम्हा दोघांना एकमेकांचा पत्ता लागणार नाही. नुसत्या विसारानं घरावर कसलाच हक्क तयार होत नाही, पुढं पैशासाठी नाहीतर खरेदी करून द्या म्हणून कोर्टात भांडत बसायचं.

रोख का दिली हा दुसरा टोमणा. अहो, तो म्हणाला पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता थकलाय, थोडी कॅश द्या, किंमतीतून 50,000 सोडतो. सोलापुरात घराच्या व्यवहारात कॅश न दिलेला माणूस मला दाखवाच. बायकोचं सोनं ठेवून गोल्ड लोन काढलं, खात्यावर आलेले पैसे स्लिप भरून काढले आणि त्याला दिले. आता बँकेत पैसे काढल्याची नोंद आहे, कुणाला दिले त्याची नाही. पावतीत त्यानं फक्त 3,51,000 लिहू दिले, बाकीचे "आपल्या आपल्यात". पावतीत न लिहिलेला पैसा म्हणजे दान केलेला पैसा समजा.

मग होम लोनला अर्ज टाकला. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलानं सर्च काढला, म्हणजे फ्लॅटच्या जुन्या नोंदी तपासल्या, आणि सर्चमध्ये एका पतसंस्थेचं रजिस्टर गहाणखत निघालं, 18,00,000 चं. जो सर्च बँकेनं केला तोच मी विसाराच्या आधी करू शकलो असतो. वेबसाइटवर फ्री सर्च आहे, जिल्हा, गाव, वर्ष, मिळकत नंबर टाकायचा, एकेक वर्ष बघत जायचं, साइट रडत रडत चालते पण चालते. आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट टोकनच्या आधी घ्या, नंतर नाही.

फ्लॅटवर गेलो तर कुलूप. खालच्या किराणा दुकानदारानं सांगितलं, "तुमच्या आधी अजून दोन पार्ट्या येऊन भांडून गेल्या." त्यातले एक रिटायर्ड मास्तर, अक्कलकोटकडचे, त्यांचे 4,00,000. त्यांच्या पावतीवरची तारीख माझ्या पावतीच्या आधीची. मी विसाराच्या आधी वर्तमानपत्रात "हा फ्लॅट घेतोय, कुणाची हरकत असेल तर सांगा" अशी जाहीर नोटीस दिली असती तर मास्तर तेव्हाच पुढं आले असते. वकील नोटीस द्या म्हणतात तेव्हा ते फी वाढवायला म्हणत नसतात.

आता ऑफिसांचं. पोलीस ठाण्यात गेलो, पावती बघितली न बघितली आणि उत्तर तयार, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जावा." म्हणलं अहो, एकच घर तिघांना, गहाण आहे ते लपवून, हे सिव्हिल कसं? ते म्हणाले, व्यवहार तुमच्या मर्जीनं झाला ना, मग. वरून, "एवढी कॅश दिलीत, उद्या इन्कम टॅक्सवाले तुमच्याच मागं लागतील." कायद्यात मालमत्तेच्या विसारापोटी 20,000 किंवा जास्त रोख घेणाऱ्याला दंड आहे, घेणाऱ्याला, पण भीती कुणाला दाखवली? मला. दुसऱ्या एका टेबलावर मोठे आर्थिक गुन्हे बघतात म्हणून तिकडं गेलो, ते म्हणाले रक्कम लहान आहे, ठाण्यातच द्या. 6,01,000 लहान! माझा दोन वर्षाचा पगार होत नाही एवढा. नोंदणी ऑफिसात म्हणाले आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही, आणि तुमचा तर दस्तच नाही. पतसंस्थेत म्हणाले सभासदाची माहिती देता येत नाही, म्हणजे सभासदाला कर्ज द्यायला येतं, त्यानं गहाण घर बाजारात काढलंय हे ऐकून घ्यायला येत नाही. महारेराचं विचारलं तर कळलं ते बिल्डरच्या प्रोजेक्टसाठी, दोन माणसांतला जुना फ्लॅट त्यात बसत नाही. बिल्डरला रजिस्टर करार केल्याशिवाय दहा टक्क्याच्या वर घ्यायला बंदी, आणि इथं माझ्याकडून एकोणीस टक्के घेतले तरी कुणाला काही नाही. एजंट तर म्हणाला मी फक्त ओळख करून दिली. ओळखीचे 15,000! तो आता दुसऱ्या एरियात प्लॉट दाखवतो.

शेवटी वकिलाच्या सांगण्यावरून लेखी तक्रार पोस्टानं पोलीस आयुक्तांकडं पाठवली, पोच जपून ठेवलीय. तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो, तो तयार करायला दिलाय. तोंडी तक्रार करून घरी येऊ नका, ती हवेत जाते. पैशाच्या दाव्याला तीन वर्षाची मुदत असते, समोरचा "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत वर्ष घालवतो ते त्यासाठीच. आणि घर नवराबायकोच्या नावावर असेल तर दोघांची सही घ्या, माझ्या पावतीवर फक्त त्याची आहे, त्याची बायको आता म्हणते मला काही माहीत नाही.

मास्तर, मी आणि तिसरे एक जण मिळून आता एकत्र तक्रार देतोय. एकट्या माणसाचं ते सिव्हिल म्हणतात, तिघांचं एकाच फ्लॅटवरचं विसार एका फाईलमध्ये ठेवलं की सिव्हिल म्हणायला त्यांना जड जाईल असं वकील म्हणतात. दुकानदाराच्या बोलण्यावरून अजून कुणीतरी आहे. जुळे सोलापुरात बोअरवाला फ्लॅट, मुलगा पुण्याला, मूळ कागद लॉकरला, हे ऐकून कुणी विसार दिला असेल तर लाज बाजूला ठेवा, पावती आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन आमच्यात या, वकिलाची फी वाटून घेऊ.