‘मी बघतो की’ म्हणणाऱ्याला दिलेले 54,000

मी एसी दुरुस्तीचं काम करतो. मी आणि एक पोरगा, बस्स. कोल्हापुरात उद्यमनगरात छोटा गाळा आहे, आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पॅनेल एसींचं, म्हणजे मशीनच्या विजेच्या पेट्या थंड ठेवणाऱ्या एसींचं, मेंटेनन्स माझ्याकडं आहे. महिन्याला साधारण 60,000 चं बिल.

कारखाना बिलातून 1 टक्का टीडीएस कापायचा. ओळखीतल्या एका एजंटला सहज विचारलं, तर म्हणाला, “टीडीएस कापला म्हणजे तुम्ही नोंदीवर आलासा. आता जीएसटी नंबर नसला तर दंड बसतोय. काय काळजी करू नका, मी बघतो की.”

हे धादांत खोटं. टीडीएस हा इन्कम टॅक्सचा भाग, जीएसटीशी त्याचा संबंध नाही. नुसती सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेल्याशिवाय सहसा नोंदणी लागत नाही. माझी सात-साडेसात लाख. पण मला कुठलं ठाऊक!

‘सगळी लायसन्सं’ म्हणून त्यानं 14,000 घेतले. त्यात उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोटा उद्योग म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीचे, 3,500, जी सरकारी पोर्टलवर फुकट होते. शॉप ॲक्टला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असायची. हा ‘दरवर्षी रिन्यू करावं लागतंय’ म्हणून बसला. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 तेवढे खरे निघाले. उद्यमचं सर्टिफिकेट त्यानं लॅमिनेट करून दिलं होतं. मी ते अंबाबाईच्या फोटोशेजारी लावलं, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचो.

खरी मेख पुढं होती. नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल त्यानं स्वतःचा घातला. एप्रिल 2023 पासून मी बिलावर 18 टक्के जीएसटी लावायला लागलो. ते 10,800 दर महिन्याला बिल लावलं की मी त्याला द्यायचो, निम्मे फोनवरून, निम्मे रोख. ‘भरलं’ म्हणून व्हॉट्सॲपवर अंगठा यायचा. कर भरल्याचं चलन मी एकदाही मागितलं नाही.

डिसेंबरात कारखान्यानं दोन बिलं अडवली, 1,41,600 रुपये. अकाउंट्समधल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. जीएसटीच्या साइटवर ‘सर्च टॅक्सपेअर’ म्हणून सोय आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. 27 नं सुरू होणारा माझा पंधरा अक्षरी नंबर त्यांनी टाकला आणि कुठल्या महिन्याचं रिटर्न, म्हणजे कराचं विवरण, भरलंय त्याचा तक्ता खाली उघडला. एप्रिल, मे, जून. संपलं. विश्वास बसावा म्हणून तीन महिने भरले होते, जुलैपासून पैसे त्याच्या खिशात.

“तुमचं क्रेडिट आम्हाला दिसंना झालंय,” मॅडम म्हणाल्या. म्हणजे माझ्या बिलावरचा जीएसटी कारखान्याला स्वतःच्या करातून वजा करता येईना. मग अगदी साधेपणानं विचारलं, “पण तुम्ही जीएसटी घेतलात कशाला? आमचं बिनजीएसटीच्या बिलावर चाललं असतं की.” मी हेल्मेट हातात धरून तसाच उभा.

जीएसटी ऑफिसात ओळखपत्रं घेऊन गेलो, मोबाइल-ईमेल बदलून घेतला. नोटिसा सगळ्या त्याच्या ईमेलवर जाऊन पडल्या होत्या. बायकोची सोसायटीतली ठेव मोडली आणि 10 जानेवारीला जुलै ते नोव्हेंबर, पाचही महिन्यांचं भरलं: कर 54,000, लेट फी 9,050, वर व्याज दोन हजारांच्या पुढं. एकच कर मी दोनदा भरला. त्यानंतर कारखान्यानं अडवलेली बिलं सोडली.

तेव्हा कुणी ‘मी बघतो’ म्हणालं, तर नोंदणीत मोबाइल स्वतःचाच घाला, ओटीपी आपल्याच फोनवर येऊ दे. कराचे पैसे एजंटच्या हातात देऊ नका. चलन काढायला लावा आणि आपल्या खात्यातून आपणच भरा. आणि तो तक्ता महिन्यातून एकदा उघडा, दोन मिनिटांचं काम आहे.

पोलिसांत अर्ज दिलाय. फोनवरून दिलेल्याचा पुरावा आहे, रोखीला कागद नाही. अर्ज गेल्यावर त्यानं 12,000 परत दिले. बाकीचे जोतिबाची यात्रा झाली की देतो म्हणालाय. तेव्हापासून दोन यात्रा झाल्या.