मृत्युपत्राची नोंदणी: सेवा चांगली, पण ‘शुद्धीत होते’ याचा पुरावा वेगळा जमवा

दुय्यम निबंधक कार्यालयातली मृत्युपत्र नोंदणी ही महाराष्ट्रातली स्वस्त आणि उपयोगी सेवा आहे. मालमत्ता कितीही मोठी असो, मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी फी किरकोळ आहे. पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरणे, घरबसल्या करता येते. कार्यालयात फोटो, अंगठा आणि सही होते, आणि दस्ताची नोंद ३ क्रमांकाच्या पुस्तकात जाते. हयातीत त्याची नक्कल फक्त करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. सही खोटी आहे किंवा कागद बदलला, असं म्हणायला मग फारशी जागा उरत नाही. नोंदणीची सक्ती नाही, तरी एवढ्यासाठी ती जरूर करावी.

पण मृत्युपत्राचे भांडण बहुतेक वेळा वेगळ्याच प्रश्नावर पेटते: सही करताना त्यांना कळत होतं का? इथे या सेवेकडून फार अपेक्षा ठेवू नये. समोरची व्यक्ती भ्रमिष्ट वाटली तर निबंधकाने नोंदणी नाकारायची असते. पण तो डॉक्टर नाही आणि त्याच्यापुढे रांग असते. केवळ नोंदणी झाली म्हणून संशय फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राणी पूर्णिमा देबी खटल्यात स्पष्ट केले आहे.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ५९ सज्ञान आणि शुद्धीत असणे मागते. आपल्याकडे साधारण काय आहे, जवळचे कोण आहेत, कोणाला काय देतोय आणि कोणाला वगळतोय, एवढे कळायला हवे. नातवाचे नाव आठवले नाही म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही. मानसिक आजार असलेली व्यक्तीही शुद्धीच्या काळात ते करू शकते. उलट, कोणताही आजार नसलेला माणूस नशेत किंवा तापाच्या गुंगीत असेल, आपण काय करतोय हे त्याला कळत नसेल, तर त्याने केलेले टिकत नाही.

सगळ्यात कच्चा दुवा असतो डॉक्टरच्या सर्टिफिकेटचा. ‘रुग्ण शुद्धीत असून प्रकृती ठीक आहे’ ही एक ओळ, तीही चार दिवस आधीची, उलटतपासणीत टिकणे कठीण. सर्टिफिकेट सहीच्याच दिवसाचे हवे. त्यात वेळ, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, चालू औषधे आणि विचारलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे त्या व्यक्तीच्याच शब्दांत हवीत. प्रश्न विचारताना लाभ मिळणारा मुलगा किंवा सून खोलीबाहेर असावी. विसराळूपणाचे निदान झालेले असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडूनच तपासून घ्यावे; स्मरणचाचणीचे ३० पैकी गुण एवढ्यावर निकाल ठरत नाही. रक्तातले सोडियम उतरणे, लघवीचा संसर्ग, झोपेच्या गोळ्या, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस: या काळात वयस्कर माणूस तात्पुरता गोंधळतो. थांबता येत असेल तर थांबावे. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल तर सकाळची वेळ घ्यावी.

साक्षीदार किमान दोन. लाभार्थी नकोच, आणि मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात उभे राहावे लागते. डॉक्टरने साक्षीदार म्हणून सही केली तर फारच उत्तम, पण मृत्युपत्र करणाऱ्याची सही त्याने डोळ्यांनी पाहिलेली असावी.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निबंधक घरी येऊ शकतात. ही सोय खरोखर मोलाची आहे. मात्र वकील ज्याने ठरवला, मसुदा ज्याने आणला आणि घर ज्याला मिळणार तो एकच माणूस असेल, तर ही घरभेटच संशयाचे कारण ठरते. वकिलाने त्या व्यक्तीशी एकट्यात बोलून सूचना घ्याव्यात.

रद्द करण्याबाबत लोक सर्वाधिक फसतात. कलम ६२ नुसार रद्द करतानाही तीच शुद्ध लागते. भ्रमात फाडलेले मृत्युपत्र रद्द होत नाही, आणि मुलाने परस्पर जाळले तरी नाही; फाडायचे-जाळायचे ते स्वतः, किंवा स्वतःसमोर आपल्या सांगण्यावरून, आणि रद्द करण्याच्या हेतूने. कागदावर ‘रद्द’ लिहून रेघ मारणे पुरत नाही. त्या लिखाणाखालीही सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणीकृत मृत्युपत्र नंतरच्या बिननोंदणीच्या मृत्युपत्रानेही रद्द होते. पण नंतरचे करताना शुद्ध नव्हती असे ठरले, तर आधीचेच लागू राहते. म्हणून नव्या मृत्युपत्रात जुन्याची तारीख आणि दस्त क्रमांक लिहून ते रद्द केल्याचे नमूद करावे, आणि डॉक्टरचे सर्टिफिकेट त्या दिवशी पुन्हा घ्यावे.

जिल्हा निबंधकाकडे सीलबंद लखोटा ठेवण्याचीही सोय आहे. गुप्ततेसाठी ती उत्तम, पण लखोट्यातला मजकूर कोणी पाहत नाही, त्यामुळे साक्षीदारांची सही राहिली असेल तर ती चूक मृत्यूनंतर लखोटा उघडल्यावरच कळते.