कायद्याची व्याख्यानं: बेळगावातच ऐकावीत की कोल्हापूर गाठावं?

कॉलेजं सुरू झाली की एखादा ज्युनिअर हे विचारतोच: "सर, शनिवारी कोल्हापूरला व्याख्यान आहे, इथंही आहे. कुठं जाऊ?" दोन्हीकडच्या खुर्च्या मी पुरेशा झिजवल्यात, म्हणून चार शब्द लिहितो. माझं मत सगळ्यांना पटेलच असं नाही.

मोबाईलचा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. सुप्रीम कोर्टातल्या घटनापीठाची सुनावणीसुद्धा सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या दिसते, मग व्याख्यानांचं काय! भांडी घासता घासता ऐकायला उत्तम. पण अडलेलं विचारायचं म्हणाल, तर चॅटमध्ये टाकलेल्या प्रश्नाला कुणी विचारत नाही.

आता कोल्हापूर. सगळ्यात मोठं सुख म्हणजे मराठी. घटनेच्या मूलभूत चौकटीसारखा (संसदेलाही जी मोडता येत नाही ती) विषय आपल्या भाषेत कुणी उलगडून सांगितला की तो डोक्यात बसतो, नुसता वहीत राहत नाही. शहाजी लॉ कॉलेजसारखी जुनी परंपरा आहेच, त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, तिथं बसू लागलं आणि सगळा माहोलच बदलला. वक्ते नुकताच युक्तिवाद करून आल्यासारखे बोलतात, श्रोतेही प्रश्न विचारताना आडपडदा ठेवत नाहीत. जाणं-येणं मात्र आपल्या हातात नसतं. एरवी हायवेनं काही वाटत नाही, पण सीमाभागात कुठं काही पेटलं की दोन्हीकडच्या बसेस निपाणी-कागलच्या आसपास थबकतात आणि आपण व्याख्यानाऐवजी टोलनाका ऐकत बसतो.

बेळगावात प्रवासाचं हे झंझट नाही. इथली कायद्याच्या शिक्षणाची परंपराही लहान नाही. राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ चं, आणि सरन्यायाधीशपदापर्यंत पोचलेले ई. एस. वेंकटरामय्या तिथलेच विद्यार्थी. पण इथल्या कार्यक्रमांना सत्काराचं भारी वेड. एका सभागृहातला प्रकार सांगतो, नाव नको. आधी स्वागतगीत, मग रोपट्याला पाणी, मग शाल, हार, फळांची करंडी. मग ज्यांनी पाहुण्यांना आणलं त्यांचा सत्कार, आणि ज्यांनी त्यांना सुचवलं त्यांचाही. पाहुणे माईकपाशी पोचेतो मागच्या रांगेतली पोरं निम्मी पसार. भाषण इंग्रजीत, मधूनच एक कानडी विनोद, त्यावर सगळं सभागृह हसतं आणि आपण अर्ध्या सेकंदानं उशिरा हसतो. शेवटी प्रश्नोत्तरं "वेळेअभावी" गुंडाळलेली, कारण पाहुण्यांना रात्रीपर्यंत धारवाड गाठायचं असतं.

एवढं वाचून तुम्ही कोल्हापूरची बस बघायला लागला असाल. मीही बरेच दिवस तेच करत होतो. माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

शेतजमिनीच्या हस्तांतरणावर तिकडं एक फार सुरेख व्याख्यान झालं. माणूस विषयात मुरलेला, मी पानंच्या पानं उतरवून घेतली. पुढच्याच आठवड्यात खानापूरकडचा एक पक्षकार आला. "साहेब, घेणारा शेतकरी न्हवं. खरेदी हुतंय काय?" माझ्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: कूळ कायदा, कलम ६३, बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विक्री नाही. शंभर टक्के बरोबर, फक्त महाराष्ट्रात. इथं कर्नाटकाचा १९६१ चा जमीन सुधारणा कायदा, आणि त्यातली बिगरशेतकऱ्याला अडवणारी ७९-अ, ७९-ब ही कलमं २०२० च्या दुरुस्तीनं काढून टाकलेली. मला ते ठाऊक होतं म्हणून निभावलं, पण वही नेमकं उलटं सांगत होती.

तेव्हापासून हे खुपायलाच लागलं. भाडे कायदा? दोन्ही राज्यांचा १९९९ चाच, वर्ष तेवढं सारखं, आतला मजकूर वेगळा. सहकार? तिकडचा १९६० चा, आपला १९५९ चा. पंचायतीही तशाच. वक्ता "आपल्या राज्यात" म्हणाला की सगळं सभागृह मान डोलावतं आणि मी समासात लाल पेननं फुली मारत बसतो. ऐकताना मन भरतं, पण दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यातलं निम्मं चालत नाही. चूक त्या वक्त्याची अजिबात नाही. तो त्याच्या लोकांसाठी बोलतोय. त्याच्या लोकांत मी भाषेनं आहे, कायद्यानं नाही, त्याला तो काय करणार?

बेळगावात त्या कंटाळवाण्या सत्कारानंतर जे अर्धा-पाऊण तास मिळतं, ते मात्र खणखणीत आपलं असतं. कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठासमोर रोज उभा राहणारा वकील सांगतो की अमुक अर्ज तिथं सध्या कसा बघितला जातो, आणि ते सोमवारी वापरता येतं. भाषणात येणाऱ्या कानडीचाही एक फायदा मला उशिरा कळला. खालच्या कोर्टातले कागद कानडीत, आणि मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांची बाजारातली कानडी तिथं पुरत नाही. कोर्टाची कानडी अशीच कानावरून जात जात रुळते.

एका बाबतीत मात्र दोन्हीकडं निराशा. महाराष्ट्रानं २००४ साली अनुच्छेद १३१ खाली (राज्यांमधले वाद थेट सुप्रीम कोर्टात नेण्याची ही तरतूद) दाखल केलेला सीमावादाचा दावा. राज्यांच्या सीमा ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नं संसदेला दिलेला असताना कोर्टानं कुठवर जावं, हा खरं तर लॉ कॉलेजनं दिवसभर चघळावा असा प्रश्न. इथं तो निघाला की "न्यायप्रविष्ट आहे" म्हणून पाणी प्यायलं जातं. तिकडं निघाला की टाळ्या पडतात, भाषण होतं, कायदा राहूनच जातो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं सांगणाऱ्या अनुच्छेद ३५०-अ चंही थोडंफार तेच.

तेव्हा तुम्ही अजून शिकत असाल, घटना, नवी न्याय संहिता, डेटा संरक्षण असे केंद्राच्या कायद्यांचे विषय असतील, तर कोल्हापूरला जरूर जा. मराठीत ऐकण्याला तोड नाही. पण वकिलीची सनद हातात आली असेल आणि याच जिल्ह्यात पोट भरायचं असेल, तर मी आपला बेळगावकडं झुकतो. पत्रिकेत साडेदहा लिहिलं असेल तर सव्वाअकराला पोचा, कडेची खुर्ची धरा, आणि आभार प्रदर्शन सुरू झालं की सरळ चहाच्या टेबलाकडं निघा. पाहुणे गाडीत बसण्याआधी तिथं थांबतातच, आणि माईकवर न मिळालेलं उत्तर बऱ्याचदा तिथं मिळतं.