विठोबाची गोधडी करायचीय? अ‍ॅप्लिक, धावदोरा की कलमकारी

भिंतीवर लावायला विठोबाची गोधडी करायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच, काम कुठलं घ्यायचं. मी तिन्ही करून बसलेय म्हणून सरळ सांगते, पहिलीच असेल तर अ‍ॅप्लिक घ्या, म्हणजे कापडाचा आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवायचा.

कारण विठोबाचा आकारच तसा आहे, कमरेवर हात, जोडलेले पाय, खाली वीट, नुसती बाहेरची कड कापून काळ्या खणाचा तुकडा लावला तरी दारातून ओळखू येतो. ओडिशात पिपलीला जगन्नाथाच्या रथावरच्या कापडाचं काम असंच कापून शिवून करतात. आणि तिकडे अमेरिकेत जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सनी बायबलच्या गोष्टींची गोधडी केली, १८८६ मध्ये ती प्रदर्शनात होती, आता तिकडच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, तिच्यातपण माणसं-प्राणी म्हणजे नुसते कापलेले आकारच, तरी गोष्ट कळते.

फक्त एक, पीतांबराला जुन्या पैठणीचा तुकडा घेणार असाल तर कडा लगेच सुटतात, अर्धा इंच दुमड ठेवा. मी शहाणपणा करून मागे इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग, म्हणजे कडक अस्तर, चिकटवलं, मग हाताने टाके घालायला गेले तर सुई आत जाईना, अंगठा आठवडाभर सुजलेला.

नुसता धावदोरा म्हणजे आपली नेहमीची गोधडी, जुनी नऊवारी, आत दोन थर, खर्च जवळपास दोऱ्याचाच. मूर्तीभोवती एकाबाहेर एक ओळी घालत गेलं की कापड हलकंसं चुरमडतं आणि चंद्रभागेचं पाणी हलल्यासारखं दिसतं, हे दुसऱ्या कशानेच येत नाही. पण नुसत्या टाक्यांचा विठोबा दहा फुटांवरून दिसतच नाही, आणि मला चार महिने लागले. धीर असेल तरच. किंवा मग मी हल्ली करते तसं, मूर्ती अ‍ॅप्लिकची आणि मागची जमीन धावदोऱ्याची.

कलमकारी म्हणजे कलमाने चित्र काढलेलं कापड, त्याचं काम सोपं पण खिशाला जड. आंध्रातल्या श्रीकाळहस्तीची हाताने काढलेली असेल तर काळी रेघ लोखंड आणि गुळाच्या पाण्याची असते, चेहरा तयार मिळतो, तुम्ही फक्त रेघेच्या कडेने टाके घालायचे. बाजारात त्याच नावाने छापील खूप मिळतं, बघून घ्या. आणि मला विठोबा तयार मिळाला नाही, कृष्ण मिळाला, म्हणजे ज्याच्यासाठी निघालो तोच नाही.

चेहऱ्याच्या नादी मात्र लागू नका. मी पांढऱ्या दोऱ्याने डोळे भरले तर आई म्हणाली हा कशाला घाबरलाय? उसवले सगळे. गंध, माशांची कुंडलं, तुळशीमाळेला लाकडी मणी, एवढं बास.

लाल कापड आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सुटला तर बाजूला. आणि टांगायला टोकांना दोन रिंगा नकोत, मागे वरच्या कडेने कापडाची लांब नळी शिवून त्यात काठी घाला, नाहीतर मधे झोळ येतो आणि विठोबाचे खांदे पडलेले दिसतात.