जळगावातला कराटे क्लास : पहिला आठवडा नुसतं गप्प बसायचं

पोराला घालायला गेलो आणि मीच पण लागलो भो, वय ४१, ढेरी सुटलेली. पहिला आठवडा एक ठोसा शिकवला नाही, गुडघे मुडपून बसा, डोळे मिटा, त्याला मोकुसो म्हणतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पाच मिनिटं तसं बसणं काय असतं ते इथल्याच माणसाला कळेल. वाटलं फी बुडाली. पण सर मधेमधे जे सांगतात ना ते भारी, म्हणजे बघा झेन (जपानमधला बौद्ध ध्यानपंथ) हा शब्द आपल्या ध्यानावरूनच चीनमार्गे जपानला गेला, आणि डोजो, म्हणजे कराटे शिकायची जागा, हा शब्द मुळात बुद्धाला बोध झाला त्या जागेचा, तालीम वगैरे अर्थ नंतरचा. कराटेतलं 'कारा' आधी 'चिनी' या अर्थाच्या अक्षराने लिहायचे, फुनाकोशी गिचिन यांनी (जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटे गुरू, १९२२ ला टोकियोत प्रात्यक्षिक दिलं) 'रिकामा' हे अक्षर रुजवलं. हात रिकामा तर आहेच, मनातला मीपणा पण रिकामा पाहिजे. त्यांचाच नियम, कराटेत पहिला वार नसतो. आमच्या पोराने शाळेत तो पाळला, पहिला समोरच्याने मारला, दुसरा याने 😄

राग एकाच गोष्टीचा, बेल्टच्या परीक्षेची फी वेगळी आहे हे ॲडमिशनच्या वेळी कोणी बोललंच नाही. मीपणा सोडायचा ठीक पण पाकीट पण सोडायचं का?

सकाळची ६ ची बॅच घ्या. संध्याकाळी पोरांचा एवढा कल्ला असतो की मोकुसो दहा सेकंदात उरकतात.